हेल्मेट, पाच रन आणि माळ्यावर गेलेले ग्लोव्ज

अगं ए कीपरबाई,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला, म्हणे पोरीने ग्लोव्ज माळ्यावर टाकलेत आणि आता म्हणते मी फक्त बॅटिंग करणार. कारण काय तर तो व्हिडिओ. पाहिला मी तो. खोटं कशाला सांगू, तीनदा पाहिला नि तिन्ही वेळा पोट धरून हसलो, चौथ्यांदा मात्र कीपरच्या नजरेने पाहिला म्हणून हे लिहायला बसलोय.

शेवटचा बॉल, त्यांना तीन रन हवे, बॅट्समन बीट झाली, बॉल तुझ्या ग्लोव्जच्या खालून, दोन पायांच्या मधून सरळ मागे, आणि मागे तूच काढून ठेवलेलं हेल्मेट. टक्क! पाच पेनल्टी रन त्यांना, मॅच गेली. त्यावर कळस म्हणजे तू वळून त्या हेल्मेटकडे असं काही बघितलंस की जणू ते त्यांच्याच टीमकडून खेळत होतं. हसणार नाहीत तर काय करतील लोक?

आता एक गंमत ऐक. हेल्मेट तू ठेवलंस ते बरोब्बर नियमाप्रमाणेच ठेवलंस. मैदानात ठेवायचंच तर ते कीपरच्या मागे, दोन्हीकडच्या स्टंपांच्या सरळ रेषेत, असं नियमच सांगतो. म्हणजे ठेवायचं तिथेच आणि बॉल लागला तर पाच रन पण समोरच्या टीमला, असला तो न्याय आहे. त्यामुळे ती चूक माझ्या हिशोबात फार मोठी नाही, पुढच्या वेळी शेवटच्या ओव्हरला हेल्मेट डोक्यावर ठेव नाहीतर बाराव्या प्लेअरकडे बाहेर पाठव, विषय संपला.

खरी भानगड त्याच्या आधी झाली. व्हिडिओ थोडा मागे घे आणि आवाज बंद करून स्वतःचे गुडघे बघ. बॉल अजून टप्पा पडून येतोय आणि तू उभी राहिलीस पण, नजर स्ट्रायकरवर, कारण तुला रनआउटला स्टंपकडे पळायचं होतं. त्या पिचवर बॉल खाली राहतोय हे सकाळपासून तूच दुसऱ्यांना सांगत होतीस ना? बॉलबरोबर उठायचं असतं गं, बॉलच्या आधी नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, माझंही नाक असंच कापलं गेलंय. पोलो ग्राउंडवर मॅटवरची मॅच होती, आमचा ऑफस्पिनर, बॅट्समन पार पुढे निघून गेला, मी बॉल घेतला, स्टंपवरच्या बेल्स उडवल्या, झालं स्टंपिंग म्हणून बॉलरच्या खांद्यावर चढून नाचायला लागलो. अंपायर आपले शांत उभे. मग हळूच म्हणाले, बॉल कुठंय? बॉल माझ्या उजव्या हातात आणि बेल्स उडवल्या होत्या डाव्या हाताने! ज्या हातात बॉल त्याच हाताने उडवाव्या लागतात हे मला काय माहीत नव्हतं होय, पण हात नाचायच्या घाईत होते. बरं तो बॅट्समन आमचा नाच बघत बघत निवांत क्रीझमध्ये परत आला. अजूनही दांडिया बाजारात एकदोन म्हातारे भेटले की "केम खाली हाथ, मजामां?" म्हणजे काय रे रिकामा हात, मजेत ना, असंच विचारतात, नाव बहुतेक विसरलेच असतील.

आणि मोठ्यांचं म्हणशील तर १९९९ चा वर्ल्ड कप, हेडिंग्ली, ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह वॉ ५६ वर आणि दक्षिण आफ्रिकेच्या हर्शल गिब्जच्या हातात सोपा कॅच. आला हातात, पण नीट धरायच्या आधीच साहेब आनंदाने बॉल वर उडवायला गेले आणि बॉल निसटला. वॉ १२० नॉटआउट. २०१६ ला बेंगळुरूत तर अजून कहर. बोलिंगला आपला बडोद्याचा हार्दिक, बांगलादेशच्या मुशफिकूरने लागोपाठ दोन फोर मारले, तीन बॉल नि दोन रन उरले आणि मुशफिकूरभाऊने हवेत बुक्की मारून जिंकल्याचा आनंद करून टाकला. पुढचे तीन बॉल, तीन विकेटा, आपण एका रनने जिंकलो. तू त्यातला शेवटचा बॉल बघ, फक्त धोनीला बघ. बॉल पडायच्या आधीच उजव्या हाताचा ग्लोव्ह काढून उभा होता. पळायची तयारी तुझ्यासारखीच होती, पण आधी बॉल हातात घेतला आणि मगच पळाला.

आता किरण मोरे. आपल्या गावचा कीपर म्हणून त्यांचं वेगळं सांगतो, कारण तिथे घाईबिई काही नव्हती, सरळ कॅच सुटला. १९९० ला लॉर्ड्सवर इंग्लंडचा गूच ३६ वर असताना. गूचने पुढे किती केले ठाऊक आहे? ३३३. म्हणजे तो एक कॅच २९७ रनला पडला, तुझे तर पाचच आहेत गं! इतकी वर्षं होऊन गेली तरी गूचच्या ३३३ चा विषय निघाला की मोरेंचं नाव निघतंच. पण त्याच माणसाने १९८८ ला मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध एका टेस्टमध्ये ६ स्टंपिंग केली होती, त्यातली ५ एकाच इनिंगला, आणि तो रेकॉर्ड आहे. इंदूरच्या लेगस्पिनर हिरवानीचे पदार्पणातले १६ विकेट सगळ्यांना पाठ असतात, त्याच मॅचमधली ही स्टंपिंग कोणी काढत नाही. कीपरचं असंच असतं, पकडलेलं दिसत नाही, सुटलेलं सगळ्या गावाला दिसतं. हे आवडत नसेल तर बॅटिंगच कर, मी रागावणार नाही. पण रुसून नको सोडू.

राहिला तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तुझ्या मावसभावाने हेल्मेटचा स्टिकर केलाय ना, तो तू स्वतःच डीपी ठेव. मी त्या काळात तीन महिने तोंड लपवत फिरलो, दुसऱ्या गल्लीतून घरी जायचो, आणि त्यानेच ते नाव जास्त चिकटलं असं मला आता वाटतं.

रविवारी साडेसहाला ये. ग्लोव्ज उतरवायला आईला माळ्यावर चढवू नकोस, तिचा गुडघा दुखतोय. हेल्मेट पण आण, ते तुझ्या मागे बरोब्बर त्याच जागी ठेवणार आहे आणि खाली राहणारे चाळीस बॉल टाकणार आहे. एकदाही टक्क वाजलं नाही तर सेवउसळ माझ्याकडून, वाजलं तर तुझ्याकडून, आणि मी तरी दोनदा मागून घेतो हे लक्षात ठेव.

तुझा,
खाली हाथ काका