तुलना करायचीच तर

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

मैत्रिणीने विचारलं, "बुद्ध, पैगंबर, नानक सगळेच थोर, मग तुमचा येशू वेगळा कसा?" आणि तू वहीत तक्ता आखून बसलीस: कोणाचे चमत्कार किती, कोणाची कबर कुठे. तो तक्ता फाडून टाक. चमत्कारांच्या कथा सगळीकडे आहेत, आणि कबरींच्या तुलनेने माणसं फक्त दुखावतात.

माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला कितीतरी बिगरख्रिस्ती येतात. येशूला आणखी एक देव किंवा संत म्हणून हात जोडायला मुंबईत कोणाचीच हरकत नसते. अडतं ते त्याने स्वतःबद्दल जे म्हटलं तिथे. म्हणून त्या त्या गुरूने स्वतःला काय म्हणवून घेतलं, एवढंच बघ. बाबासाहेबांनी १९५०च्या एका लेखात बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांना नेमकं असंच शेजारी ठेवलं. बुद्ध मार्गदाता, मोक्षदाता नव्हेत, हे त्यांना मोलाचं वाटलं. येशूने मात्र आपण देवाचा पुत्र आहोत असा आग्रह धरला, हेही त्यांनी नोंदवलं. त्यांचा कौल आपल्या बाजूचा नाही, पण फरक त्यांनी अचूक पकडला.

माझ्यामागे धम्म आणि विनय (म्हणजे भिक्षुसंघाचे नियम) हेच तुमचे शास्ते, म्हणजे गुरू, असं बुद्धांनी अखेरीस सांगितलं. ६३२ मध्ये पैगंबर गेले तेव्हा त्यांचे निकटचे सहकारी अबू बकर यांनी लोकांना बजावलं, की महंमद मरण पावले, अल्लाह जिवंत आहे. गुरू गेला तरी शिकवण उभी राहते. यात कमीपणा नाही, मोठी नम्रता आहे.

आता बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या वृत्तांताचा, दुसरा अध्याय काढ. कफर्णहूम गावातलं घर, दारातही जागा नाही. चौघे जण छप्पर उकरून पक्षघाती माणसाला बाजेसकट खाली सोडतात. तो आलाय पायांवर उभं राहायला, आणि येशू म्हणतो, "मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे." तिथे बसलेले यहुदी शास्त्री मनात चडफडतात: देवावाचून पापांची क्षमा कोण करणार? प्रश्न बिनतोड आहे, आणि येशू तो खोडून काढत नाही. तो अधिकार आपल्याला आहे असं सांगतो आणि त्या माणसाला बाज उचलून घरी जायला लावतो. येशूचं देवत्व योहानाने आपल्या शुभवर्तमानात मागाहून चिकटवलं, असं तुला कोणीतरी ऐकवेलच. म्हणून तुला मार्काकडे धाडतोय. बहुतेक अभ्यासक तेच सर्वांत जुनं शुभवर्तमान मानतात.

आणि पुनरुत्थान टाळू नकोस. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला चक्क लिहितो. हे पत्र वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांत लिहिलेलं. उठलेला येशू पाचशेहून अधिक जणांना एकाच वेळी दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असं त्यात आहे. आपली सगळी भिस्त या एका घटनेवर आहे, हे मैत्रिणीला मोकळेपणाने सांग.

६ डिसेंबरला ती चैत्यभूमीला जाईल, तेव्हा सोबत जा. बुद्धांबद्दल तिच्याच तोंडून ऐक. रविवारी उपासनेनंतर भायखळ्याला थांब, पौलाच्या त्या पत्राचा पंधरावा अध्याय आपण दोघं मिळून वाचू. तिला यावंसं वाटलं तर तिलाही घेऊन ये.

तुझे काका