आधी टिल्डे कुठे आहे ते बघा

प्रश्न : वर्षभर लॅपटॉपवर डेबियन वापरतोय. काम बहुतेक टर्मिनलमधलं, शिवाय थोडं मराठी लेखन, इनस्क्रिप्टमध्ये. आता मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचाय. ६० टक्के आकाराचा (एफची रांग, बाण आणि आकड्यांचा भाग वगळलेला छोटा) एक ब्लूटूथवाला डोळ्यांत भरलाय, पण खोक्यावर विंडोज आणि मॅक एवढंच छापलंय. लिनक्सवर चालेल का? देवनागरी अक्षरांची बटणं लागतील का? आणि स्विच, म्हणजे बटणांखालचे खटके, निळे घेऊ की तपकिरी?

उत्तर : चालेल. नुसत्या टायपिंगपुरतं बोलायचं तर खोक्यावरच्या छपाईकडे काणाडोळा करा. यूएसबी कीबोर्ड ‘एचआयडी’ नावाच्या ठरलेल्या बोलीत बोलतो आणि ती बोली लिनक्स कर्नलला येते. ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. घोळ असतो तो कंपनीच्या प्रोग्रॅमचा. दिव्यांचे रंग, मॅक्रो, बटणांची अदलाबदल हे सगळं त्यातून करायचं, आणि तो पुष्कळदा फक्त विंडोजवर चालतो.

म्हणून घेण्याआधी एकच विचारा : यात क्यूएमके आहे का, तो व्हाया किंवा व्हायल या बटणं बदलायच्या प्रोग्रॅममध्ये उघडतो का? क्यूएमके हे मुक्त स्रोत फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या पोटातला प्रोग्रॅम. बटणांची मांडणी तिथेच साठते. एकदा बदललीत की कीबोर्ड कुठल्याही मशिनला लावा, बायॉसच्या, म्हणजे सिस्टिम सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावरसुद्धा तीच मांडणी. व्हाया ब्राउझरमधून वापरायचं तर क्रोमियम जातीचा ब्राउझर आणि यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या सांभाळणाऱ्या भागाचा) एक नियम लागतो. नियम घातला नाही तर परवानगीअभावी कीबोर्ड व्हायाला जोडलाच जात नाही आणि माणूस उगाच कीबोर्डला शिव्या घालतो.

शिव्या मीही घातल्यात. फाईलचं नाव बदलायला एफ२ दाबावं, तर पडदा उजळायचा. एफ१ दाबलं की मंद. दोन संध्याकाळी डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये घालवल्या. शेवटी यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा चालवून बघितली, तर पठ्ठ्या स्वतःची ओळख अ‍ॅपलचा कीबोर्ड अशी करून देत होता! कर्नलने त्याच्यावर विश्वास ठेवून ‘एचआयडी अ‍ॅपल’ हे मॉड्यूल, म्हणजे अ‍ॅपलच्या कीबोर्डांसाठीचा ड्रायव्हर, लावलं होतं. त्यातली ‘एफएनमोड’ ही सेटिंग २ केली आणि एफच्या रांगेतली बटणं शहाण्यासारखी वागायला लागली. रीस्टार्टनंतरही हे टिकायला हवं, तर मॉड्यूलच्या सेटिंग ठेवणाऱ्या मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये एका ओळीची फाईल घालून इनिटरॅमएफएस (सुरू होताना आधी लोड होणारी छोटी फाईल सिस्टिम) नव्याने बनवून घ्या. तुमच्या खोक्यावर मॅक छापलंय, तेव्हा हे लक्षात असू द्या.

आता तुमचा ६० टक्केवाला. दिसायला देखणा, कबूल. पण त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एस्केप असतं आणि मोठ्या कीबोर्डवर त्या जागी असणारं बॅकटिक-टिल्डेचं (` आणि ~) बटण बहुधा एफएनच्या आड गेलेलं असतं. दिवसभर टर्मिनलमध्ये बसणाऱ्या माणसाने होम फोल्डरचा टिल्डे काढायला दर वेळी तीन बटणं दाबायची? बाणांची बटणंही तशीच लपलेली. एखाद्या दिवशी पडदा गोठला आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ३ने मजकुरी कन्सोलवर जायचं झालं, तर एफ३साठी आणखी एक बोट शोधा. मांडणी बदलता येते म्हणून लोक हे चालवून घेतात. मी महिनाभर चालवून घेतलं आणि कंटाळलो. तुमच्यासाठी ७५ टक्के आकार बरा. एफची रांग असते, बाण असतात आणि टेबलावर अडगळही फारशी होत नाही.

ब्लूटूथचं म्हणाल तर त्याच्या जोडीला केबलची सोय हवीच. तुमची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर सुरू होताना पासफ्रेज विचारला जातो त्या घडीला ब्लूटूथ सहसा जागंच झालेलं नसतं. लॅपटॉपचं स्वतःचं कीबोर्ड आहे म्हणून तुमचं निभावेल. झाकण मिटून मोठ्या मॉनिटरवर काम करत असाल तर मात्र केबल हाताशी ठेवा.

देवनागरी बटणांची मुळीच गरज नाही. कीबोर्ड ‘क’ही पाठवत नाही आणि ‘के’ही नाही. कितव्या क्रमांकाचं बटण दाबलं गेलं एवढंच तो कळवतो; त्याचं अक्षर ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. इनस्क्रिप्ट बोटांत बसलेलं असेल तर ज्या दोन बटणांवर चाचपायचे उंचवटे असतात ती तुमच्या ओळखीचीच आहेत : डाव्या तर्जनीखाली ऱ्हस्व वेलांटी, उजव्या तर्जनीखाली र. तिथून पुढे खाली बघायचं कशाला?

राहिले स्विच. निळ्याला टिचकी वाजते आणि ती ऐकायला फक्त तुम्हालाच गोड लागते. चेरी या कंपनीचा निळा उमटायला साधारण ६० ग्रॅमचा जोर मागतो, तपकिरी ५५च्या आसपास, लाल ४५. तपकिरीत बोटाला बारीकसा टप्पा लागतो, टिचकी नसते. खोलीत दुसरं कुणी असेल तर तपकिरी घ्या. हॉटस्वॅप सॉकेटचा, म्हणजे स्विच नुसते ओढून काढता येणारा, कीबोर्ड मिळाला तर स्विच पुढेही बदलता येतील, डाग काढायला सोल्डरिंग आयर्न हातात घ्यावं लागणार नाही.