कुदळ मारण्याआधी जागा कुणाची ते बघा

परभणीतल्या तुमच्या कॉलनीची खुली जागा आणि तिच्यातला बुजलेला आड जिवंत करायचा म्हणताय, लई चांगलं. पण आधी सिटी सर्व्हे कचेरीतून मालमत्ता पत्रक, म्हणजे जागा कुणाच्या नावावर ते सांगणारा कागद काढा आणि महापालिकेकडून मंजूर लेआउटची, म्हणजे कॉलनीच्या नकाशाची नक्कल घ्या. नवखी मंडळी इथंच फसतात. वर्गणी जमते, झाडं लागतात, अन् मग कुणीतरी मालकीचा कागद घेऊन दारात उभं राहतं.

सरकारकडं काय मागायचं, तेही ठरवा. नाली, दिवे, पाणी, बागा ही कामं १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरातल्या पालिकांच्या कामांच्या यादीत घातलेली आहेत. ती हक्कानं मागा. झाडांची राखण मात्र गल्लीनंच करायची. ‘सगळं सरकार करील’ म्हणणारे वाट बघत बसतात, ‘सरकार नकोच’ म्हणणारे नालीपाशी अडकतात.

बाकी एवढं पाळा:
- अर्ज लेखीच द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या. तोंडी आश्वासन चहा संपेपर्यंतच टिकतं.
- दिवाळी झाली की लगेच मागणी द्या. महापालिकेचं अंदाजपत्रक झाल्यावर गेलात तर वर्ष गेलं.
- माहितीचा अधिकार आहेच, अर्जाला १० रुपये अन् उत्तराला ३० दिवस. पण पहिल्याच आठवड्यात नको, आधी प्रभागाच्या अभियंत्याला भेटा.

संभाजीनगरला जाऊन खाम नदीकाठ बघून या. तिथं महापालिका आणि नागरिक एकत्र राबलेत. संस्था नोंदणी, कंपन्यांचा निधी वगैरे पुढच्या वर्षी बोलू. या रविवारी फक्त दहा घरं फिरा.