दहावीच्या मुलाला आधी कामं पाहू द्या, मग शाखा ठरवा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा दहावीत आहे, सहामाहीला 62 टक्के पडलेत, गणित जेमतेम. पण मिक्सर असो की पंखा, काही बिघडलं की उघडून बसतो. काका म्हणतात सायन्सच घ्यायला लावा. मुलाला विचारलं तर "काहीही चालेल" एवढंच उत्तर. तालुक्याच्या गावी राहून त्याला मदत कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. मी माध्यमिक शाळेत शिक्षक होतो आणि नववी-दहावीच्या मुलांचं व्यवसाय मार्गदर्शन बरीच वर्षं माझ्याकडे होतं. त्या अनुभवावरून लिहितो.

"काहीही चालेल" म्हणणारा मुलगा बेफिकीर असतो असं मला कधीच वाटलं नाही. त्याने कामं पाहिलेली नसतात, म्हणून तो तसं म्हणतो. शिक्षक, पोलीस, डॉक्टर, दुकानदार, शेतकरी एवढेच त्याला रोज दिसतात. इंजिनियर हा शब्द घरोघरी ऐकलेला असतो, पण इंजिनियर कामावर गेल्यावर दिवसभर काय करतो हे कोणी दाखवलेलं नसतं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत. सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ बसून मुलांनी काम पाहावं, ही त्यामागची कल्पना. तुमच्या मुलाची ती वर्षं गेली. तेवढं तुम्ही घरून करू शकता.

परीक्षा संपली की सुट्टीत चार-सहा ठिकाणी त्याला नुसतं बसायला पाठवा. ओळखीचा वायरमन, मोबाईल दुरुस्तीवाला, पॅथॉलॉजी लॅब, टॅक्स सल्लागाराचं ऑफिस, दूध संकलन केंद्र, कोणीही चालेल. पाहायला पाठवायचं, राबायला नाही, आणि चालू विजेला हात लावायचा नाही हे आधी बजावा. आमच्या शाळेतला एक मुलगा असाच मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसायचा. जळालेल्या मोटारीच्या खाचांतून काळी पडलेली तांब्याची तार उपसायची, जुन्या कॉइलचे वेढे मोजून वहीत टिपायचे, गेज लावून तारेची जाडी बघायची. वेढे चुकले की मोटार तापते आणि शेतकरी पुन्हा दारात उभा राहतो, हे त्याने तिथेच पाहिलं. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा तो मुलगा एके दिवशी मला विचारायला आला, "सर, वेढे कमी पडले तर करंट का वाढतो?" विद्युतधारेच्या परिणामांचा धडा त्यानंतर त्याने आपणहून वाचून काढला. तुमच्या मुलाला धुळीचा, वासाचा, उभं राहण्याचा कंटाळा आला तर तेही कळलेलं बरं.

जाताना त्याच्याजवळ वही द्या आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या. काका, तुम्ही हे कुठे शिकलात? पहिल्या वर्षी हातात किती पडत होते? पावसाळ्यात काम असतं का? पुन्हा निवडायचं झालं तर हेच निवडाल का? शेवटच्या प्रश्नाला माणसं फार मनापासून बोलतात.

आता शाखेचं. अकरावीला सायन्स घेऊन गणित सोडलं की इंजिनियरिंग आणि आर्किटेक्चर बंद होतं, एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) हवाई दल आणि नौदलही. जीवशास्त्र सोडलं तर 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देता येत नाही, म्हणजे एमबीबीएस, बीएएमएस नाही. दुसरीकडे पाच वर्षांचं लॉ कुठल्याही शाखेतून सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन करता येतं, आणि एमपीएससी-यूपीएससीच्या बहुतेक पदांना पदवी कोणती हे विचारत नाहीत. या गोष्टी मुलाला दहावीतच माहीत असाव्यात. गणित जेमतेम असताना केवळ काकांच्या आग्रहाखातर सायन्स घेतलेली, बारावीला खचून गेलेली मुलं मी पाहिलीत, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

हाताने काम करण्याची आवड असेल तर आयटीआयकडे, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेकडे, कमीपणाने पाहू नका. इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. नंतर 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी मिळते. एसटी, रेल्वे, महावितरण सगळीकडे असे उमेदवार घेतात. पुढे शिकावंसं वाटलं तर दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दहावीनंतर सरळ तीन वर्षांचा डिप्लोमाही आहे, पण त्यात गणित सुटत नाही, हे लक्षात ठेवा. एक युक्ती सांगतो. नोकरभरतीच्या जुन्या जाहिराती मुलाला जमवायला सांगा आणि पात्रतेची ओळ पेन्सिलने अधोरेखित करायला लावा. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत आयटीआय मागितलेलं त्याला दिसेल, रेल्वेच्या सहायक लोको पायलटला दहावी आणि आयटीआय. कुठे पोचायचंय त्यावरून आज काय घ्यायचं हे त्याचं त्यालाच उमगू लागतं.

कागदपत्रांची तयारी आत्ताच सुरू करा आणि मुलाला बरोबर घेऊन जा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र. व्हॅलिडिटीला वेळ लागतो, आणि निकालानंतर सेतू केंद्रावर झुंबड उडते. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पाहा. त्याच्या नावावर बँकेत खातं काढून ते आधारला जोडा, कारण महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणारी, शिष्यवृत्ती थेट खात्यात येते. फॉर्म त्याला स्वतः भरू द्या, तुम्ही शेजारी बसा. धाकटी मुलगी आहे म्हणालात, तर हेही माहीत असू द्या: वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा.

घरचा पैशाचा हिशोबही त्याच्यापासून लपवू नका. फी, होस्टेल, मेस, जाण्यायेण्याचं भाडं असा एका वर्षाचा खर्च त्याच्याकडूनच कागदावर मांडून घ्या. पंधरा-सोळा वर्षांची मुलं हे समजून घेतात, आणि विश्वासात घेतल्याचं त्यांना फार वाटतं.

काकांशी वाद घालत बसू नका. सुट्टीत एक दिवस त्यांनाच मुलाला जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये घेऊन जायला सांगा, वर्कशॉप दोघांनीही पाहू दे. तुमचा जिल्हा इथे लिहिलात तर तिथे कोणते ट्रेड आहेत ते बघून मी सांगतो. आणि मुलाने वहीत काय लिहून आणलं तेही जरूर कळवा.