अ.पा.क. मधला 'अज्ञान', आणि अर्भक कुणाच्या घरचं

विट्याहून एकांनी विचारलंय की सातबाऱ्यावर माझ्या नावापुढं लहानपणापासून 'अ.पा.क. चुलते' असं लागलंय, तर यात अज्ञान म्हंजे नक्की काय, आणि पालक म्हटलं की त्यात मालकी येते का. पहिल्यांदा एक सांगतो, अ.पा.क. म्हंजे 'अज्ञान पालनकर्ता', ते 'अज्ञात पालनकर्ता' नाहीये हो! तासगाव, पलूस, कडेगाव, कुठंबी जा, अर्ज टाईप करून देणारा अज्ञात लिहितो आणि लिहून घेणारा मान डोलवतो. अज्ञात म्हंजे ज्याचा थांगपत्ता नाही तो, पोलिसांच्या बातमीतला इसम. अज्ञान म्हंजे अठरा पूर्ण न झालेला. पालनकर्ता अडाणी आहे असाही अर्थ काढणारे भेटलेत, त्यांना हात जोडतो. मालकी पोराची, सांभाळ दुसऱ्याचा, विषय संपला.

खरी गंमत तुम्ही न विचारलेल्या शब्दात आहे. अर्भक.

आपण अर्भक म्हंजे तान्हं बाळ एवढ्यावर थांबतो. पण संस्कृत 'अर्भ' हा ज्या जुन्या मुळातून आलाय असं मानतात, त्याच मुळाची भावंडं बघा. ग्रीक ऑर्फानोस, म्हंजे पोरका, त्यावरून इंग्रजी ऑर्फन. लॅटिन ऑर्बुस, ज्याचं माणूस गेलं तो. जर्मन एर्बे, म्हंजे वारसा. आणि रशियन राब, म्हंजे गुलाम! पोरका, वारसा, गुलाम, तिन्ही एका घरचे. चेक भाषेत ह्याच कुळातला रोबोटा म्हंजे वेठबिगार, त्यावरून १९२० साली कारेल चापेकनं नाटकात रोबोट आणला. तेव्हा पोरांच्या दप्तरावरचा रोबोट आणि पाळण्यातलं अर्भक हे चुलतभाऊ लागतात.

काही पंडित म्हणतात अर्भचा अर्थ नुसता 'लहान', ऋग्वेदात 'नमो महद्भ्यो नमो अर्भकेभ्यः' असं थोरांच्या उलट वापरलंय, त्याला पोरक्याशी जोडू नका. बरं, मग रशियनमधे पोराला रिब्योनक म्हणतात तो ह्याच राबच्या कुळातला, त्याचं काय करायचं? आणि यास्क निरुक्तात, म्हंजे वेदातल्या शब्दांची फोड करणाऱ्या त्याच्या जुन्या ग्रंथात, अर्भकाला 'अवहृत' म्हणतो. टीकाकार त्याचा अर्थ 'कमी झालेलं' असा लावून मोकळे होतात. मी म्हणतो सरळ वाचा की, अवहृत म्हंजे काढून नेलेलं! एका घरातनं दुसऱ्या घरात गेलेलं पोर. हे माझं मत आहे, कुणाला पटो न पटो. मात्र आपलं 'राबणं' त्या रशियन राबला चिकटवणारे हुशार लोक वेगळेच, ओर्बचा राब होतो, म्हंजे र पुढं उडी मारतो, ती स्लाव भाषांची खोड आहे, संस्कृतात तो अर्भ असाच राहिला, नुसता आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नसते.

पोरका, वारसा, गुलाम ह्या तिघांचा मात्र अर्थ बी जुळतो. घरचा कर्ता मेला की पोर, जमीन आणि दास तिघांचा धनी एकाच दिवशी बदलायचा. मनूनं दासांचे सात प्रकार सांगितलेत, त्यात 'पैत्रिक' म्हंजे वारशानं आलेला दास आहे, आणि त्याच आठव्या अध्यायात लहान वारसाचं धन तो मोठा होईस्तोवर राजानं राखावं असंबी आहे. कौटिल्य त्याच्या पुढं जातो, आठ वर्षांच्या आतला 'विबन्धु', म्हंजे नातलग नसलेला दास त्याच्या मनाविरुद्ध हलक्या कामाला लावला, परमुलखात नेला तर दंड. रोमन कायद्यात तर उलटी गंमत, बापानं मृत्युपत्रात आपल्याच गुलामाला पोराचा पालक नेमला तर तेवढ्यानं तो गुलाम मोकळा झाला असं धरायचे, इ.स. ५३३ च्या जस्टिनियनच्या संहितेत आहे. अमेरिकेत व्हर्जिनियानं १७०५ ला गुलामांना वारसाहक्कापुरतं चक्क स्थावर ठरवलं, आणि पोरक्या वारसाचे गुलाम पालक सालावर भाड्यानं लावायचा, त्यातनं पोराचा खर्च. मेरीलँडमधे १८६४ ला गुलामगिरी गेली आणि लगेच तिथल्या 'ऑर्फन्स कोर्टां'नी हजारो काळी पोरं शिकाऊ म्हणून जुन्याच मालकांकडं बांधून दिली, त्यातल्या कित्येकांचे आईबाप जिवंत होते! १८६७ ला एलिझाबेथ टर्नर नावाच्या मुलीच्या खटल्यात ते बेकायदा ठरलं.

लांब कशाला जायचं, सांगली संस्थान वेगळं झालं ते अशाच भांडणातनं. चिंतामणराव पटवर्धन लहान, मिरजेचा कारभार चुलते गंगाधररावांकडं, पुतण्या मोठा झाल्यावर दोघांचं फाटलं, चुलत्याकडं मिरज राहिली आणि पुतण्यानं सांगली धरली.

हां, तर तुमचे चुलते. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यानं नैसर्गिक पालक आधी बाप, मग आई, त्यात चुलता नाहीच. नुसतं सांभाळलं म्हणून त्याला अज्ञानाची जमीन विकता येत नाही, आईबापाला सुद्धा कोर्टाची परवानगी लागते. एकत्र कुटुंबाची जमीन असेल तर भानगड वेगळी, मग नावापुढं 'ए.कु.म्या.', म्हंजे एकत्र कुटुंब म्यानेजर, आहे का बघा आणि वकिलाला दाखवा. अठरा झाले म्हणून तो अ.पा.क. चा शेरा आपोआप जात नाही, वयाचा दाखला लावून तलाठ्याकडं अर्ज द्या, आणि अर्जात अज्ञान नीट लिहा.