गणपतीला पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली आणि पायात गुठळी झाली. कंपनीवर दावा लावता येतो का?

ताई, तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: गौरी-गणपतीला राजापूरला जायचं म्हणून मुंबईत घराजवळच्या मेडिकलमधून चिठ्ठी आणि बिल न घेता नोरेथिस्टेरोनच्या ५ मिग्रॅच्या गोळ्या आणल्या, दिवसाला तीन घेतल्या. एसटीत १४ तास गेले. गावी डावी पोटरी सुजली आणि रत्नागिरीच्या डॉपलर सोनोग्राफीमध्ये खोल शिरेत गुठळी निघाली. अमेरिकेत अशा गोळ्यांवर मोठी भरपाई मिळते, मग इथे का नाही, असं तुम्ही विचारलंय.

कंपनीवरचा दावा कठीण आहे. दुकानदारावरचा तितका नाही.

आधी औषधाचं बघू. ‘ही गर्भनिरोधक नाही, साधी पाळीची गोळी आहे’ असं काउंटरवर सर्रास सांगतात. पण नोरेथिस्टेरोनचा थोडा भाग शरीरात एथिनिल एस्ट्राडायॉल या एस्ट्रोजेनमध्ये बदलतो. रोज १० ते २० मिग्रॅ घेतलं की ते साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम एस्ट्रोजेन घेतल्यासारखं होतं. माला-एन या गर्भनिरोधक गोळीत ते ३० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे पूर्वी गुठळी झालेली, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठणारी, नुकतीच बाळंत झालेली किंवा रक्तदाब फार वाढलेला, अशा ज्या बाईला माला-एन देत नाहीत, तिला हीसुद्धा न विचारता देऊ नये. घरात आई-बहिणीला गुठळी झाली होती का, हेही विचारायला हवं.

तरी धोक्याचं प्रमाण लक्षात असू द्या, कारण ग्राहक आयोगापुढे समोरचा वकील तेच काढणार. संप्रेरकं न घेणाऱ्या १०,००० तरुण स्त्रियांत वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते. माला-एनसारख्या लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि एस्ट्रोजेनच्या संयुक्त गोळ्यांवर ५ ते ७, ड्रोस्पायरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या गोळ्यांवर ९ ते १२. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत धोका याहून बराच जास्त. त्यात चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून केलेल्या प्रवासानेच धोका साधारण दुप्पट होतो, आणि गणपतीतला महामार्ग तर तुम्ही पाहिलाच आहे. ‘गोळीने नाही, एसटीने झालं’ हा बचाव ठरलेला.

अमेरिकेत बायर या औषध कंपनीने ड्रोस्पायरेनोनच्या गोळ्यांवरचे हजारो दावे तडजोडीने मिटवले. तिथे मुद्दा ‘इशारा पुरेसा दिला नाही’ हा होता, आणि वकील भरपाईच्या टक्केवारीवर काम करतात. आपल्याकडे वकिलाला तशी फी घ्यायला बंदी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ मध्ये अपुऱ्या सूचनांसाठी उत्पादक जबाबदार धरता येतो खरा, पण कलम ८७ त्याला वाट देतं: तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचं औषध असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञाला इशारा पोचवला असेल, तर ती सुटते. तुमची गोळी चिठ्ठीवरच विकायची आहे, आणि माहितीपत्रकात गुठळीचा इशारा छापलेला असला की कंपनी तेच पुढे करणार.

दुकानदाराला मात्र ही वाट नाही. कलम ८६ प्रमाणे उत्पादकाचा इशारा ग्राहकापर्यंत न पोचवणाऱ्या आणि त्यातूनच इजा घडवणाऱ्या विक्रेत्यावर जबाबदारी येते. पाकीट कात्रीने कापून दहा-बारा गोळ्या हातावर ठेवल्या की माहितीपत्रक डब्यातच राहतं. पंचाईत अशी की कापलेल्या तुकड्यावर बॅच नंबरही बऱ्याचदा उरत नाही. उरलेलं पाकीट फेकू नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. बिल नसेल तर यूपीआयचा व्यवहार जपा. मग दुकान ज्या भागात आहे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. औषध निरीक्षक दुकानाच्या नोंदी तपासू शकतो आणि त्याचा अहवाल पुढे उपयोगी पडतो.

रत्नागिरी सोडण्यापूर्वी डॉपलर अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड घ्या. गोळ्या किती, कोणत्या तारखांना घेतल्या ते कार्डावर लिहिलेलं असलंच पाहिजे; नसेल तर डॉक्टरांकडून घालून घ्या. कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असा डॉक्टरांना नियम आहे. ग्राहक आयोगातल्या तक्रारीची मुदत २ वर्षं. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात ती करता येते, म्हणजे मुंबईतच. रत्नागिरीच्या खेपा नकोत. गोळ्यांसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातून फुकट मिळाल्या असत्या, तर ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा बंदच असता. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ वर मोफत करता येते. त्यातून भरपाई मिळत नाही, पण तारखेसकट नोंद राहते.

परतीची एसटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. छातीत कळ आली, दम लागला किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर वाडीत वाट बघत बसू नका, १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारं औषध निदान ३ महिने चालतं. पाळीला रक्तस्राव वाढला तरी ते स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना कळवा. त्या काळात दिवस राहणंही टाळायला हवं, कारण रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनने गर्भाला इजा होते. एस्ट्रोजेनच्या गोळ्या आता बाद. तांबी चालते, पण या औषधावर तिने पाळी आणखी जड होऊ शकते, तेव्हा कोणतं साधन घ्यायचं ते स्त्रीरोगतज्ज्ञांना डॉपलरचा कागद दाखवूनच ठरवा.