गोळी लाडवात, लाडू पोटात : श्वानपालकांची प्रश्नोत्तरे

पावसाळा लागला की इंदुरात गोचीड ताप वाढतो आणि पाठोपाठ एकाच वळणाचे प्रश्न येऊ लागतात: औषध लिहून दिलंय, घरी आणलंय, पण कुत्रा घेत नाही. या खेपेला त्यातलेच काही निवडले आहेत. सगळ्यांनाच लागू पडेल असं एक आधी सांगते. कुत्र्याला काय आवडतं ते नंतर बघा. औषधाला काय चालत नाही, ते आधी विचारा.

आमची लॅब्रेडॉर सहा वर्षांची आहे. गोचीड तापासाठी 28 दिवस डॉक्सिसायक्लिन दिलं आहे. सासूबाई गोळी पनीरच्या तुकड्यात नाहीतर चक्क्यात घालून देतात. सुरुवातीला गेली, आता पनीर खाते आणि गोळी गालिच्यावर थुंकते. (रामबाग)

पनीर बंद करायला तिनेच निमित्त दिलं, बरं झालं. दूध, दही, चक्का, पनीर, चीज यांतलं कॅल्शियम या जातीच्या औषधाला आतड्यात धरून ठेवतं आणि रक्तात जाणारी मात्रा घटते. जुन्या टेट्रासायक्लिनच्या मानाने डॉक्सिसायक्लिनला हा त्रास कमी, पण महिनाभराचं औषध रोज थोडं थोडं वाया का घालवायचं? एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकालाही हाच नियम. आजवर पनीरमधून गेलेल्या गोळ्यांची धास्ती घेऊ नका, मात्र किती दिवस तशी दिली आणि किती गोळ्या थुंकल्या गेल्या, हे तुमच्या डॉक्टरांना सांगा. दिवस वाढवायचे की नाही ते त्यांना ठरवू द्या.

आता पनीरऐवजी काय? एक मध्यम रताळं उकडून, साल काढून कुस्करा. त्यात दोन-तीन चमचे डाळ्याचं पीठ आणि मीठ-मसाला न घालता शिजवलेल्या चिकनचा बारीक चुरा घालून घट्ट मळा. सातूचं पीठ घरात असेल आणि त्यात साखर-मीठ नसेल तर तेही चालेल. चिकन नको असेल तर अर्धा चमचा साजूक तूप घाला. तुपात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, त्यामुळे सासूबाईंनाही दुग्धजन्य काहीतरी घातल्याचं समाधान. गोळा छोट्या बोराएवढाच हवा. मोठा केला की ती चावणार, आणि चावली की कडू लागणार. लाडू वळणाऱ्या हातांना हे पटत नाही, पण इथे आकारावरच सगळं अवलंबून आहे.

देताना एकदम तीन गोळे हातात घ्या. पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, तिसरा परत साधा. तिसरा तिच्या नाकासमोर धरूनच दुसरा तोंडात द्या, म्हणजे पुढच्याच्या लोभाने मधला न चावता गिळला जातो. आणखी एक काळजी: ज्या बोटांनी गोळी आत खोचली त्याच बोटांनी बाहेरचं आवरण वळू नका. कडू भुकटी बोटांना लागते, ती आवरणावर येते आणि मग आतलं गुपित उघडं पडतं.

हे औषध उपाशीपोटी देऊ नका, उलटी होते. आणि वरून थोडं पाणी प्यायला लावा. गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होते. पाणी नको म्हणाली तर पातळ भाताच्या पेजेचे चार घोट चालतील. दोन-तीन दिवसांत ती पुन्हा जेवायला आणि उड्या मारायला लागेल. नेमकं तेव्हाच घरोघरी औषध थांबतं. थांबवू नका.

मुलगा अमेरिकेहून शुगर-फ्री पीनट बटर घेऊन आलाय. तिकडे म्हणे सगळे कुत्र्यांना गोळ्या त्यातूनच देतात. आमच्या बीगलला देऊ का? (साकेतनगर)

बरणी उघडण्याआधी मागची घटकांची यादी वाचा. त्यात झायलिटॉल, बर्च शुगर किंवा ई 967 यांतलं काहीही दिसलं तर ती बरणी घरच्या माणसांसाठी ठेवा, तीही कुत्र्याचं तोंड पोहोचणार नाही अशा फळीवर. माणसाला निरुपद्रवी असलेली ही साखर कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा सोडते. रक्तातली साखर कोसळते. कुत्रा उलटी करतो, झोकांड्या खातो, झटके येतात. पुढे यकृतही निकामी होऊ शकतं. चुकून खाल्लंच तर लक्षणांची वाट बघत बसू नका, बरणी हातात घेऊन डॉक्टर गाठा.

पीनट बटरची कल्पना मात्र चांगली आहे आणि त्यासाठी अमेरिका लागत नाही. दाणे भाजा, सालं पाखडा, मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवा. मीठ, साखर, गूळ काही नको. दाणे निवडताना हात आखडू नका. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा दाणा फेकून द्या. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं यकृत बिघडवतं, आणि ते भाजल्याने पुरतं जात नाही. खवट झालेलं कूट “कुत्र्याला घालू” म्हणून बाजूला ठेवणारी घरं मला माहीत आहेत. तसं करू नका.

हे द्यायचं ते नखभर. एका चमच्यात साधारण 30 कॅलरी असतात. दिवसभराच्या खाण्यात खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवावा असा आमचा हिशेब. तीन किलोच्या पॉमेरेनियनला दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, म्हणजे एका चमच्यातच त्याची मर्यादा ओलांडली. बीगलला थोडी जास्त मोकळीक आहे, पण बीगल जात खादाड, हे तुम्हाला मी काय सांगणार. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या कुत्र्याला दाणे, तूप, लोणी यांतलं काहीच नको.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. नैवेद्याचा शिरा किंवा पेढा यांत गोळी घालून दिली तर चालेल का? (लोकमान्यनगर)

शिऱ्यात बेदाणे असतात. बेदाणे, मनुका, द्राक्षं यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यावर होईल याचं गणित मांडता येत नाही. कुणाला मूठभर पचतात, कुणाला मोजके बाधतात. श्रीखंडात जायफळ, तेही नको. पेढा म्हणजे मावा आणि साखर. वर सांगितलेल्या औषधांबरोबर मावाही नको. कांदा घातलेले पोहे, त्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला, शेव, मिरची-आलं घातलेला भुट्ट्याचा कीस, ही आपल्या शहराची शान कुत्र्याच्या वाटीपासून लांब ठेवा. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो.

शाकाहारी घरात पर्याय भरपूर आहेत. लाल भोपळा वाफवून पाणी निथळून घ्या, साधे ओट्स मिक्सरला फिरवून त्यात मिसळा. गोळा छान वळतो. केळ्याच्या जाड चकतीत सुरीने खाच पाडून गोळी सरकवता येते, घाईच्या सकाळी हे सर्वांत सोपं. मऊ गुरगुट्या भात थंड झाल्यावर चिकट होतो, त्यातही गोळी छान दडते. शाकाहारी आवरणाला वास कमी, ही खरी अडचण. म्हणून देण्याआधी गोळा तळहातावर जरा कोमट करा, किंवा तव्यावर जेमतेम फिरवा. गरम झाला की वास सुटतो, आणि कुत्रा जिभेआधी नाकाने जेवतो.

एकदम करून ठेवायचे असतील तर गोळे गोळीविना वळून ताटलीत सुटे ठेवा आणि फ्रीझरमध्ये घट्ट करून मग डब्यात भरा. रोजचे तेवढे काढा. औषध आयत्या वेळी घाला. ओलसर पिठात आठवडाभर बसलेल्या गोळीचं काय होतं ते सांगता येत नाही. साध्या फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नका, मे महिन्यात तर बाहेर अजिबात नाही.

मेट्रोनिडॅझोल कुटून दूध-भातात कालवलं. दोन घास खाऊन कुत्र्याच्या तोंडाला इतका फेस आला की आम्ही घाबरलो. विषबाधा झाली का? (सुदामानगर)

नाही. ती गोळी भयंकर कडू असते, कुटल्यावर तर तो कडूपणा अख्ख्या वाटीत पसरतो. फेस म्हणजे कडू चवीने सुटलेली लाळ; पाणी प्याला की ओसरते. पण नुकसान दोन झाली. अर्धी वाटी तशीच राहिली म्हणजे औषध किती गेलं ते कळायला मार्ग नाही. आणि आता तो दूध-भाताकडेही संशयाने बघेल. रोजच्या जेवणात औषध कधीच कालवू नका. आजारी कुत्र्याचं जेवण सुटणं गोळी चुकण्यापेक्षा महाग पडतं.

काही गोळ्या तर कुटायच्याच नसतात. आम्लापासून वाचवणारं आवरण असलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या, किंवा ओमेप्राझोलसारख्या दाणेदार कॅप्सूल फोडल्या की त्यांचं काम बिघडतं. गोळी अर्धी करायची असेल तर केमिस्टकडे मिळणाऱ्या कटरने करा आणि तुटलेली कडू बाजू आवरणात नीट बुजवा. फारच कडू असेल तर डॉक्टरांना विचारून रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून द्या. या कॅप्सूल बहुधा जिलेटिनच्या असतात. घरात ते चालत नसेल तर वनस्पतिजन्यही मिळतात.

ताप वाटला तर जिलबीच्या तुकड्यातून क्रोसिन द्यावी का? (राजेंद्रनगर)

नको. पॅरासिटामॉलने कुत्र्याचं यकृत आणि रक्त दोन्ही बिघडतं. आयबुप्रोफेनने पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातं. जिलबी तुम्ही खा, कुत्र्याला थर्मामीटर लावा: गुदद्वारात मोजलेलं 101 ते 102.5 फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचंच तापमान आहे. हाताला तो आपल्यापेक्षा गरमच लागतो.

आमचा तेरा वर्षांचा पॉमेरेनियन हृदयविकाराचा रुग्ण आहे. पिमोबेंडान आणि लघवीची गोळी चालू आहे. सॉसेजच्या तुकड्यातून आनंदाने घेतो. चालू ठेवू? (टिळकनगर)

आनंद दिसतोय, पण सॉसेजमध्ये मीठ ठासून असतं आणि मीठ पाणी धरून ठेवतं. म्हणजे लघवीची गोळी एका बाजूने पाणी काढणार आणि तिचंच आवरण ते परत साठवणार. चीज, खारे दाणे, ब्रेड यांचंही तेच. पिमोबेंडान जेवणाच्या साधारण तासभर आधी द्यायचं असतं, तेव्हा आवरण अगदी नावापुरतं हवं: वाफवलेल्या भोपळ्याचा मटारएवढा गोळा, किंवा बिनमिठाच्या चिकनचा एक धागा गोळीभोवती गुंडाळून. लघवीच्या गोळीनंतर तासाभरात त्याला बाहेर न्यावं लागेल, म्हणून ती रात्री झोपताना देऊ नका. डॉक्टरांना विचारून वेळ अलीकडे आणा.

अशा दीर्घ आजारांत आवरणही औषधाइतकंच विचारून ठरवावं. मधुमेह असेल तर केळं, रताळं, गूळ नको. मूत्रपिंड थकलेलं असेल तर पनीर-चीज त्यातल्या फॉस्फरसमुळे नको. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी किंवा रोज एकाच पद्धतीने. आज गोळ्यातून, उद्या नुसती, असं केलं तर रक्ततपासणीचे आकडे डॉक्टरांनाही चकवतात.

आमचा जर्मन शेफर्ड आता स्वयंपाकघरातला डबा वाजला तरी पळतो. जबरदस्तीने तोंड उघडायला गेलं तर गुरगुरतो. (महू)

तो गोळीला नाही, तुमच्या सगळ्या तयारीला ओळखायला लागलाय. डबा, खोली, वेळ आणि माणूस, चारही बदला. तीन-चार दिवस दिवसातून बऱ्याच वेळा नुसते रिकामे गोळे द्या: फिरायला निघताना, दारावरची बेल वाजल्यावर, गच्चीवर. मग त्या गर्दीत एक गोळीवाला घुसवा. अर्थात एक दिवसही चुकवता येणार नाही असं औषध असेल, उदाहरणार्थ फिट्ससाठीचं फिनोबार्बिटॉन, तर ही उसंत नाही. तेव्हा आजच डॉक्टरांना फोन करा. पातळ औषध किंवा इंजेक्शनचा पर्याय बऱ्याचदा असतो. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही तुम्हाला जवळच आहे.

शांत कुत्र्याला हाताने गोळी देता येते. वरचा जबडा मागून धरून मान किंचित वर, गोळी जिभेच्या उंचवट्यापलीकडे, तोंड मिटून गळा हलका चोळायचा, आणि मग सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कडेतून थोडं पाणी. नाक आभाळाकडे करून घशात पाणी ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. गुरगुरणाऱ्या कुत्र्यावर हा प्रयोग नको.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगते. कुत्र्याला अचानक गिळता येईना, लाळ गळतेय, आवाज बदललाय, स्वभाव बदललाय, असं दिसलं तर “घशात हाड अडकलं असेल” म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीज असाच दिसू शकतो. विशेषतः लस चुकलेली असेल तर त्याला वेगळं बंद करून डॉक्टरांना बोलवा. हाताला लाळ लागलीच असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

कॉलनीतल्या कुत्र्यांना जंताच्या गोळ्या पिठाच्या गोळ्यातून टाकल्या तर? (वैशालीनगर)

टाकू नका, हातात द्या. रस्त्यावर पसरलेले गोळे दांडगा कुत्रा एकटाच फस्त करतो, गाय खाते, एखादं मूलही उचलतं. दोघंजण जा: एकाने साध्या गोळ्यांनी बाकीच्यांना रमवायचं, दुसऱ्याने एकेकाला बाजूला घेऊन औषधाचा गोळा द्यायचा आणि गिळेपर्यंत तिथून हलायचं नाही. जंताची मात्रा वजनावर असते, म्हणून प्रत्येकाचा फोटो आणि अंदाजे वजन लिहून आधी डॉक्टरांना दाखवा. कुणी आयव्हरमेक्टिन सुचवलं तर कळपात कोलीच्या मिश्रणाचा, लांब तोंडाचा आणि झुपकेदार केसांचा कुत्रा नाही ना, ते आवर्जून सांगा. त्या वंशातल्या अनेकांना ते मेंदूत चढतं. दूध पाजणारी कुत्री आणि दोन महिन्यांच्या आतली पिल्लं या फेरीतून वगळा, त्यांचं औषध वेगळं लिहून घ्या.